दोघांच्या जुवात एक बैल



आजची नोंद पिकाची नाही. तूर फुलावर आहे, हरभरा बरा उगवलाय, त्याचं पुढच्या वेळी लिहितो. आज ब्रेकवर लिहायचंय. शेतीच्या पानावर ब्रेकचं काय काम, असं कुणी म्हणेल. पण ऊस तोडायला लागलाय, रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग लागलीय, आणि आपल्यातला प्रत्येक जण दिवसातून दोन-चार वेळा मोटारसायकलीवर किंवा ट्रॅक्टरवर बसतोच. त्यात आमच्या घरात गेले तीन आठवडे दुसरा विषय नव्हता.

विषय असा. माझ्या पुतण्याकडं एक जड मोटारसायकल आहे. साडेसहाशे सीसी, दोन सिलिंडर, अंगानं दोनशे किलोच्या वर. पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी डिस्क आणि दोन्ही बाजूंनी कॅलिपर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नाही. पुण्याला नोकरीत असताना त्यानं ती जुनी घेतली. नंतर नांदेडला काम लागलं, राहायला खोली मिळेपर्यंत गाडी गावाकडं आणून शेडमध्ये लावली, आणि पूर्ण पावसाळा ती तिथंच उभी राहिली. एका बाजूला खताची पोती, दुसऱ्या बाजूला गोठा. दमट हवा, खताचा खार आणि जनावरांचं मूत, लोखंडाला याहून वाईट शेजार नाही.

दिवाळीनंतर गाडी बाहेर काढली तर पुढचं चाक ढकलता ढकलेना. उजव्या बाजूचा कॅलिपर धरून बसलेला. पिस्टन पुढं आला तो मागं जाईना, पॅड डिस्कला चिकटलेले.

तालुक्याच्या मिस्त्रीला बोलावलं. माणूस हाताचा चांगला आहे, आमच्या फवारणी पंपापासून थ्रेशरच्या इंजिनापर्यंत सगळं त्यानं चालतं केलंय. त्यानं बघितलं आणि म्हणला, "नवा कॅलिपर लई महाग पडंल, अन् यायला महिना लागंल. त्यापेक्षा हा उजवा काढूनच टाकू. नळीच्या तोंडाला बोल्ट मारतो. डाव्यावर चालंल की गाडी. समद्या गाड्यांला एकच डिस्क असतीय."

पुतण्याला पटलं. त्यानं मोबाईलवर फोटोही दाखवले. हौशी लोक मुद्दाम एक डिस्क काढतात, चाक मोकळं दिसतं, वजन कमी होतं, खर्च वाचतो. माझे थोरले बंधू, म्हणजे त्याचा बाप, एकच वाक्य बोलले, "इकून टाक ती ब्याद." आणि रानात गेले.

आता मिस्त्री चूक बोलत नव्हता, हे आधी सांगतो. एक डिस्क म्हणजे कमी ब्रेक असं काही नाही. रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५० घ्या. दोनशे किलोच्या वरची गाडी, पुढं एकच डिस्क, पण ती ३२० मिलिमीटरची. कावासाकीची निन्जा ६५० घ्या, तिला पुढं दोन डिस्क आहेत, ३०० मिलिमीटरच्या. दोन्ही गाड्या थांबतात. म्हणजे प्रश्न एक की दोन हा नाहीच. एकासाठी बनवलेली गाडी आणि दोनातला एक काढलेली गाडी, या दोन गोष्टी एक आहेत का, हा प्रश्न आहे.

हे समजायला मला बैलाचा उपयोग झाला. आपल्याकडं एका बैलाचं कोळपं असतं. चांगलं चालतं. पण त्याचं जू वेगळं असतं, दोर दोन्ही बाजूंनी येतात, ओढ बरोबर मधोमध पडते. आता जोडीच्या जुवात एकच बैल जुंपून बघा. मग तो देवणी असो की लाल कंधारी. जू तिरपं होतं, मान सोलती, आणि औत तासात राहत नाही. बैल कमजोर नाही. जू त्याचं नाही.

गाडीचंही तसंच आहे, फक्त तिथं दोराऐवजी तेल आहे. कसं ते सांगतो, कारण यात एक फसवी गोष्ट आहे आणि ती सगळ्यांना माहीत असायला पाहिजे.

हाताजवळ लिव्हरला जोडलेला एक छोटा पिस्टन असतो, तो मास्टर सिलिंडर. खाली चाकाजवळ कॅलिपरमध्ये मोठे पिस्टन. मध्ये ब्रेक ऑइल. आपल्या हायड्रॉलिक जॅकसारखंच हे. छोटा पिस्टन जास्त दाबायचा, मोठा पिस्टन थोडाच पण जोरात सरकतो. पुतण्याच्या गाडीच्या मास्टर सिलिंडरवर १६ चा आकडा आहे, म्हणजे पिस्टनचा व्यास १६ मिलिमीटर. दोन कॅलिपरला पुरेल इतकं तेल ढकलायला तो जाड ठेवलेला असतो. एका डिस्कच्या गाड्यांना तो बहुधा बारीक असतो, १४ किंवा १२.७ असा.

आता उजवा कॅलिपर काढला. मास्टर तोच राहिला. तुम्ही तितक्याच जोरानं लिव्हर ओढली तर तेलाचा दाब किती? तितकाच. पूर्वी तो दाब दोन ठिकाणी काम करत होता, आता एका ठिकाणी. काढलेल्याचं काम डाव्याकडं आपोआप जात नाही. एचटीपी पंपाला दोन गन लावून फवारताय आणि दाब ठरवून दिलाय. एका गनचा कॉक बंद केला तर दुसरी गन दुप्पट औषध फेकत नाही, तिचं तिचंच फेकते. उरलेलं बायपासनं परत टाकीत. ब्रेकचं तसंच समजा. त्याच हातात पुढचा ब्रेक सरळ अर्धा झाला.

आणि फसवी गोष्ट ही. कॅलिपर एकच राहिल्यामुळं तेल निम्मंच सरकावं लागतं. त्यामुळं लिव्हर थोडीच आत जाते आणि दगडासारखी लागते. मिस्त्रीनं बोल्ट मारून हवा काढली आणि पुतण्याच्या हातात लिव्हर दिली. "बघ, पयल्यापेक्षा कडक झाला का न्हाई?" पुतण्या म्हणला, "एकदम टाईट." दोघंही खूश. हाताला वाटतं ब्रेक सुधारला, आणि रस्त्यावर तो अर्धा झालेला असतो. लिव्हर कडक म्हणजे ब्रेक चांगला, हे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. लिव्हर मऊ लागली तर तेलात हवा आहे हे खरं. पण कडक लागली म्हणून गाडी थांबेलच असं नाही.

कुणी म्हणेल, मग मास्टर सिलिंडर बारीक बसवा. बरोबर आहे, तो खरा विचार आहे. हिशोब करून बघू. १६ च्या पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण २०१ चौरस मिलिमीटर. १४ च्याचं १५४. १२.७ च्याचं १२७. क्षेत्रफळ कमी तर त्याच हातात दाब जास्त. १४ चा लावला तर जुन्या ब्रेकच्या ६५ टक्के मिळतो, १२.७ चा लावला तर ७९ टक्क्यांपर्यंत जातो. पूर्ण भरपाई करायची तर ११.३ चा लागतो. हे झालं जोराचं. उष्णतेचं काय?

गाडी, माणूस आणि मागं बसलेलं माणूस मिळून तीनशे किलो धरा, वेग ताशी ८० किलोमीटर. ती थांबवताना साधारण ७४ किलोज्यूल ऊर्जा कुठंतरी घालवावी लागते. म्हणजे चार लिटर पाण्याचं तापमान चार-साडेचार अंशानं वाढेल एवढी. ऐकायला थोडी वाटते. पण ती चार लिटर पाण्यात नाही, दीड-दीड किलोच्या पोलादी चकत्यांत जाते, आणि पोलाद पाण्यापेक्षा नऊपट लवकर तापतं. यातला पाऊण वाटा पुढच्या ब्रेकचा धरला तर दोन डिस्क असताना एका जोराच्या थांबण्याला त्या साधारण ४० अंशांनी तापतात. एकच डिस्क असली तर ८० अंशांनी. एकदा ठीक. पण लातूर बालाघाटाच्या पठारावर आहे आणि नांदेड खाली गोदावरीकाठी. उतार, वळण, गाव, गतिरोधक, परत उतार. डिस्क थंड व्हायच्या आत पुन्हा ब्रेक. पॅड तापले की धरायचे सोडतात आणि उष्णता आत तेलापर्यंत पोचते.

तेलाचं एक वेगळंच आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, उघड्या पोत्यातल्या युरियासारखं. डॉट ४ चं नवं तेल कमीत कमी २३० अंशांपर्यंत उकळू नये असं मानक आहे. तेच ओलावा धरलेलं असलं तर ते मानक १५५ वर येतं. तेल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दबते, आणि लिव्हर हँडलला टेकते. मग एक डिस्क असो की दोन, गाडी पुढंच जाते. म्हणून दोन वर्षांनी तेल बदला असं पुस्तकात लिहिलेलं असतं. आपल्यापैकी किती जण बदलतात?

तिसरी गोष्ट फोर्कची, म्हणजे आपण ज्याला पुढचे शॉकअप म्हणतो. दोन कॅलिपर असले की ब्रेकचा ओढा दोन्ही पायांवर सारखा पडतो. एक काढला की सगळा एका पायावर, दुसरा मोकळा. थांबायचं तितकंच ठेवायचं म्हणून जोर दुप्पट लावला तर त्या एका पायावर भारही दुप्पट. एका डिस्कच्या गाडीचा फोर्क आणि आस हे धरूनच बनवलेले असतात. या गाडीचे तसे धरलेले नव्हते. शिवाय गाडीला एबीएस. ती पेटी कुठल्या चाकाला किती दाब सोडायचा आणि किती वेळा, हे दोन कॅलिपर धरून ठरवते. आपण खाली एक बोल्ट मारला हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

हे सगळं मी पुतण्याला ओट्यावर बसून सांगितलं. तो शिकलेला आहे, हिशोब त्याला पटला. पण तरुण पोरगं. म्हणला, "काका, आपुन काय रेस करायलाव का? साठ-सत्तरनं जायचं. जरा लांबून ब्रेक मारायचा."

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांनी पिस्टनचा व्यास ऐकला नव्हता की टक्के ऐकले नव्हते. एवढंच म्हणल्या, "भावजी, थांबती का गाडी? सून मागं बसून दवाखान्याला जाणार हाय तिच्यावर."

सूनबाईला सहावा महिना लागलाय. तपासणी नांदेडला असते. पुतण्या गप्प झाला. मीही झालो, कारण "थांबती का" याचं उत्तर टक्क्यांत देता येत नव्हतं. मोजून द्यावं लागणार होतं.

मग मोजलं. आपल्या पानावर कृषी विद्यापीठाची शिकलेली मंडळी आहेत म्हणून पद्धत नीट सांगतो. गावाबाहेरचा सरळ डांबरी तुकडा, सकाळची वेळ, रस्ता कोरडा, दोन्ही टोकाला माणूस उभा. रस्त्यावर फक्कीची आडवी रेघ मारली, प्लॉट आखताना मारतो तशी. पुतण्या हेल्मेट घालून एकटा, वेग ताशी ४०. पुढचं चाक रेघेवर आलं की दोन बोटांनी नेहमीसारखा पुढचा ब्रेक, सोबत मागचा. थांबला की पुढच्या चाकापासून रेघेपर्यंत टेप. तीन रिप्लिकेशन घेतले. एका कॅलिपरवर तिन्ही वेळा गाडी चौदा ते पंधरा मीटरच्या मध्ये थांबली. ही एका गाडीची, एका रस्त्याची, एका पोराच्या हाताची मोजणी. तिला शास्त्र म्हणू नका. पण आकडा लिहून ठेवला.

त्या रात्री आम्ही मिस्त्रीला परत गाठलं. म्हणलं, बोल्ट काढा, उजवा कॅलिपर उघडून तर बघू. तो थोडा नाराज झाला, पण बसला. चिकटलेला पिस्टन कसा काढायचा, यात त्याचा हात बघण्यासारखा होता. कॅलिपरमध्ये दोन पिस्टन. त्यातला एक मोकळा, एक अडकलेला. लिव्हर दाबली तर मोकळाच बाहेर येणार. म्हणून त्यानं मोकळ्यासमोर लाकडाची खुट्टी बसवून शिकंजा आवळला, नळी परत जोडली आणि लिव्हर हळूहळू पंप केली. तेलाच्या दाबानंच अडकलेला पिस्टन कुरकुरत बाहेर आला. हातोडी नाही, पकड नाही. पकडीनं धरला असता तर पिस्टनवर ओरखडे पडले असते आणि नवं रबरही गळलं असतं.

आतली कथा साधी निघाली. पिस्टनच्या तोंडाशी क्रोम उडून बारीक खड्डे पडले होते, त्यात पांढरट-हिरवट खार. धूळ अडवणारं रबर फाटलेलं. आतलं चौकोनी रबर फुगलेलं. हे चौकोनी रबर लई महत्त्वाचं. ब्रेक सोडला की पिस्टनला मागं ओढायला स्प्रिंग नसते. दाबताना हे रबर पिस्टनबरोबर जरासं वाकतं आणि सोडलं की सरळ होतं, तेवढ्यात पिस्टन केसभर मागं येतो. रबर फुगलं, खार बसला की ते मागं ओढणं संपलं. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्याही सुकून बसल्या होत्या. कॅलिपरच्या अंगाला, म्हणजे भोकाला, काही झालं नव्हतं.

म्हणजे नवा कॅलिपर लागतच नव्हता. दोन पिस्टन, रबराचं किट, दोन्ही बाजूंचे नवे पॅड, तांब्याचे वायसर, पिनांचं ग्रीस आणि बंद डब्यातलं डॉट ४ तेल. सामान हैदराबादहून आठ दिवसांत आलं. सगळं मिळून नव्या कॅलिपरच्या चौथाईत भागलं. मिस्त्रीची मजुरी त्यानं मागितली त्यापेक्षा जास्त दिली, कारण काम तेवढं होतं. पॅड दोन्ही बाजूंचे एकदम बदलले. एका बाजूला नवे, एका बाजूला जुने असं केलं तर पुन्हा जोडी विजोड. हवा काढायला पाऊण तास गेला. नवे पॅड बसेपर्यंत हळू वेगात पंधरा-वीस वेळा हलका ब्रेक मारून घेतला. चावी लावली की एबीएसचा दिवा लागतो आणि गाडी चालली की विझतो, तोही बघितला.

मग तीच रेघ, तोच रस्ता, तोच वेग, तीच दोन बोटं. तिन्ही वेळा नऊ ते साडेनऊ मीटर. यात नव्या पॅडचा आणि नव्या तेलाचाही वाटा असणार, सगळं श्रेय दुसऱ्या कॅलिपरला देऊ नये. तरी पाच मीटर म्हणजे पाच मीटर.

पाच मीटर चाळीसच्या वेगाला. वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. ८० च्या वेगाला हाच फरक वीस मीटरच्या घरात जातो. वीस मीटर म्हणजे किती? एक हेड आणि त्यामागं उसाच्या दोन ट्रॉल्या, जवळपास तेवढं अंतर. आणि ब्रेक मारायचं डोक्यात येऊन हात हलेपर्यंत एक सेकंद जातो, त्यात गाडी बावीस मीटर गेलेली असते, ते वेगळं. ३६१ नंबरचा हायवे झाल्यापासून लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड रस्ता गुळगुळीत झालाय. ८० चा वेग आता वेग वाटत नाही. पण रस्त्यावर येणारं तेच आहे. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची यात्रा, घोडी, बैल, गर्दी. रात्री दिवा नसलेली ट्रॉली. दुभाजकातून पळत आलेलं वासरू. लांबून ब्रेक मारू म्हणणाऱ्याला आधी लांबून दिसायला पाहिजे.

कायद्याचंही सांगून ठेवतो, कारण अशा कामात ते कुणी विचारत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ म्हणतं की कंपनीनं नोंदवलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीत मालकाला दर बदलामागं पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं आहे ते उगाच नाही. आणि अपघात झालाच तर कमी केलेला ब्रेक हे विमा नाकारायला आयतं कारण. दंड एक वेळ भरता येईल. बाकीचं भरता येत नाही.

मी जुगाडाच्या विरोधात नाही. जुगाडावर आपली शेती चाललीय. गुजरातमध्ये अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानी यांनी बुलेटला मागं दोन चाकं आणि अवजारं जोडून कोळपणी-पेरणी करणारी बुलेट सांती बनवली, तिचं देशभर नाव झालं. आपल्या निलंग्यातही बुलेटच्या इंजिनावर छोटा ट्रॅक्टर तयार झालाय. पण तिथं त्यांनी गाडीचं काम बदललं. ती आता माणसाच्या चालीनं तासात चालते. ताशी ५ किलोमीटरला थांबवायची ऊर्जा ८० च्या तुलनेत अडीचशेवा भाग असते. तिथं ब्रेक कमी पडला तर एखादं रोप मोडेल. रस्त्यावरच्या जुगाडाला ही सूट नाही. रानातला जुगाड आणि रस्त्यावरचा जुगाड यांना एकच अक्कल लावायची नाही, एवढंच माझं म्हणणं.

आता यातून आपल्या ट्रॅक्टरवर येऊ, कारण दोनातला एक ब्रेक चालवायची सवय आपल्याला तिथूनच लागलीय. ट्रॅक्टरला उजवा-डावा असे दोन पायब्रेक असतात. रानात वळताना आतल्या बाजूचा दाबला की चाक जागेवर धरतं आणि ट्रॅक्टर कमी जागेत फिरतो. फार सोयीचं. म्हणून बरेच जण दोन्ही पायब्रेक जोडणारी कडी कायम उघडीच ठेवतात. आणि तसेच डांबरीवर येतात. डांबरीवर वेगात असताना पाय एकाच ब्रेकवर पडला की एक मागचं चाक धरतं आणि दुसरं पळतं. ट्रॅक्टर त्या बाजूला फेकला जातो, आणि मागून ट्रॉली ढकलतच असते. आमच्याच शिवाराजवळ एक ट्रॅक्टर असा पुलाच्या कठड्याला जाऊन अडकला होता. चालवणारा वाचला, पण पाय गेला. कडी तिथंच लोंबकळत होती, चांगली, न वापरलेली.

तेव्हा या हंगामात एवढं बघा.

ट्रॅक्टर रानातून रस्त्यावर घेताना खाली उतरा आणि दोन्ही पायब्रेकची कडी लावा. दोन्हींचा ढिलेपणा सारखा आहे का ते बघा. मोकळ्या जागेत कडी लावून ब्रेक मारा, ट्रॅक्टर एका बाजूला ओढत असेल तर मिस्त्रीकडून सारखा करून घ्या, मगच ट्रॉली जोडा.

मोटारसायकल कुठलीही असो, पुढचं चाक उचलून हातानं फिरवा. अडखळत असेल, किंवा चालवून आल्यावर एकच डिस्क जास्त तापलेली वाटली तर कॅलिपर धरतोय. डिस्कला बोट लावू नका, भाजेल. जवळ हात नेला तरी कळतं.

खताच्या, मिठाच्या आणि गोठ्याच्या शेजारी गाडी महिनोन्महिने ठेवू नका. ठेवायचीच झाली तर आठवड्याला एकदा फिरवा, ब्रेक चार वेळा दाबा.

ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला. डबा उघडा राहिलेलं तेल वापरू नका. डॉट ४ मध्ये डॉट ५ मिसळू नका, त्यांचं जमत नाही. पेट्रोल टाकीवर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, रंग खातं.

आणि कुणी म्हणलं की दोनातला एक काढून टाकू, तर आधी अडकलेला उघडून बघा. बहुतेक वेळा आत खार आणि एक रबर निघतं.

परवा सूनबाईची तपासणी झाली. दोघं गाडीवरच गेले, पन्नासच्या वर गेलो नाही असं पुतण्या म्हणतो. थोरले बंधू अजूनही गाडीला ब्याद म्हणतात, पण शेडमधली खताची पोती त्यांनी स्वतः हलवून मागच्या खोलीत नेली.

हरभऱ्यात घाटेअळीची अंडी दिसायला लागलीत. कामगंध सापळे लावून घ्या. त्यावर दोन दिवसांनी लिहितो.

राम राम.